कोरेगाव... पार्कवालं नव्हे!

कोरेगाव म्हटल्यावर काय आठवतं? कॅफे, पब आणि पार्किंगची मारामारी? नाही बॉस, ते पुण्यातलं. आपण निघालोय साताऱ्याच्या पूर्वेला, वीसेक किलोमीटरवरच्या कोरेगावला. इथं झाडी कमी, ऊन जास्त आणि भटकंती एकदम हटके.

अमेरिकेत फिनिक्स शहराच्या हद्दीतच वाळवंटी डोंगर आहेत. ऑफिस सुटलं की मंडळी बूट चढवून ट्रेलवर! आपल्याकडे वाळवंट नाही, पण त्याचा लांबचा भाऊ आहे, पर्जन्यछायेतला माळ. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ढग पूर्वेकडे सरकताना रिते होत जातात आणि माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो. कोरेगाव या दोन टोकांच्या मधलं.

सुरुवात करा नांदगिरी ऊर्फ कल्याणगडापासून. चढ उघडा, सावली शोधावी लागते. पण वर गुहा आहे, तिच्यात गारेगार पाणी आणि आत पार्श्वनाथांची मूर्ती. टॉर्च हवाच. गडावरून जरंडेश्वर आणि चंदन-वंदनची जोडी दिसते.

आता नजर खाली. या माळावर सगळे जण मातीच्या रंगाचे कपडे घालून बसलेले असतात. चंडोल पायाशी येईपर्यंत दिसत नाही. तितर दिसण्याआधी ऐकू येतो. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येतो आणि गवतावरून अगदी खालून तरंगत जातो. नशीब जोरावर असेल तर पहाटे खोकड दिसेल, पूर्वेकडच्या माळांवर लांडगाही. आणि हो, दगडाखाली हात घालू नका, तिथं फुरसं असू शकतं. उन्हाळ्यात गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारा सरडा बघाच. त्याच्या जातभाईंना २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नवं कुळनाम दिलं, तेही चक्क मराठी : ‘सरडा’!

एवढी वस्ती असूनही सरकारी भाषेत अशी जमीन ‘पडीक’ ठरते. पडीक म्हटलं की कुणीही यावं, प्लॉट पाडावेत किंवा हौसेनं झाडं लावावीत. पण दाट झाडी आली की उघड्यावर जगणारे चंडोल, खोकड जायचे कुठे?

गावकऱ्यांसाठीही हा माळ कामाचा आहे. इथं मेंढरं चरतात, इथंच पाणी मुरतं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये राज्यातले तीनच तालुके होते, त्यात कोरेगाव होता. पहिला नंबर आला याच तालुक्यातल्या वेळू गावाचा. लोकांनी घाम गाळून उतारांवर चर खणले, पाणी अडवलं. तेव्हा शॉर्टकटच्या नादात बांध तुडवू नका. आपण तिथं पाहुणे आहोत. पाहुण्यासारखं राहिलं की माळ आपलं घर उघडून दाखवतो.

कसं जाल : पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कोरेगाव स्टेशन आहे. एसटीनं साताऱ्याला उतरूनही जाता येतं.
कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. उजाडताना चढा, दहाच्या आत उतरा.
काय न्याल : माणशी तीन लिटर पाणी, टोपी, दुर्बीण. मातकट कपडे घाला.
काय नेऊ नका : स्पीकर आणि घरचा कुत्रा.