सात्या आणि छत्र्या

श्रावण लागला की आमचे पाय खाप्याकडे वळतात. नागपुरास नोकरी आणि खाप्यास वडिलार्जित घर, तेव्हा जाण्यास निमित्त लागतेच असे नाही. कन्हान नदीकाठचे हे गाव एके काळी कोष्ट्यांच्या मागांसाठी नावाजलेले होते. जवळच्या गुमगावच्या मँगनीजच्या खाणीमुळेही ते लोकांस ठाऊक असते. आम्हांस मात्र त्याची ओढ तिसऱ्याच कारणासाठी आहे. गाव सोडून सागाच्या रानाची वाट धरली की पायाखालच्या मातीतून, कुजलेल्या ओंडक्यांवरून, उकिरड्याच्या कडेने एका रात्रीत उगवलेल्या छत्र्या भेटू लागतात. त्यांची ओळख करून घेण्याचा नाद आम्हांस पन्नाशी उलटल्यावर लागला.

या नादास प्रतिष्ठित आधार हवा असल्यास तोही दूर नाही. खाप्याच्या पूर्वेस रामटेक आहे. 'मेघदूता'तील रामगिरी तो हाच, असे नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले होते. मेघाच्या गर्जनेने पृथ्वीवर शिलींध्रे उगवतात, असे त्या काव्यातला यक्ष सांगतो. शिलींध्र म्हणजे भूछत्र की कंदली, याविषयी जाणत्यांचे एकमत नाही. खाप्याच्या बाजारात सात्या विकणाऱ्या बाईस मात्र असला संशय शिवत नाही. वीज कडाडल्याखेरीज सात्या निघत नाहीत, असे ती ठामपणे सांगते. वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांस आमच्याकडे सात्या म्हणतात. पावसाळ्यातले थोडे दिवस त्या बाजारात येतात आणि भावात मटणासही मागे टाकतात.

आमचा अभ्यास अर्थातच पुस्तकी. बटलर आणि बिस्बी यांनी १९३१ साली हिंदुस्थानातील कवकांची मोठी सूची प्रसिद्ध केली. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने १९८० साली नैऋत्य भारतातील अळंब्यांवर ग्रंथ काढला. पण हे पंडितांचे ग्रंथ. रानात खिशातून काढावे आणि चित्राशी ताडून पाहावे, असे ते नव्हेत. म्हणून आम्ही एक सचित्र इंग्रजी पुस्तक मिळविले. ते लिहिले होते युरोपातील रानांसाठी, परंतु जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसास ही अडचण वाटली नाही. तिकडची कविता आम्हांस कळते, मग तिकडची छत्री का कळू नये?

एका रविवारी रानाच्या कडेच्या गवताळ पडीक जागेत आम्हांस मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्यांचे एक कडेच सापडले. माथ्यावर तपकिरी खवले, दांड्याभोवती सैल वळे. पुस्तक उघडले तो चित्र हुबेहूब. नाव 'पॅरासोल', शेरा, खाण्यास उत्तम. आम्ही टोपली भरून विजयी वीराप्रमाणे घरी परतलो आणि चार वर्षांच्या नातीस त्या छत्र्यांचे इंग्रजी नावही पाठ करविले.

सौ.नी टोपलीकडे पाहिले आणि काही न बोलता चुलीवर दुसरीच भाजी चढविली. इतक्यात नेहमीची सात्यावाली म्हातारी दारात आली.

"हे कुठून आणलं जी, मास्तर?"

आम्ही जागा सांगितली.

"वारूळ होतं का तेथी?"

"वारूळ नव्हते, गवत होते."

तिने एक छत्री उचलली, दांड्याचे बूड उलटून पाहिले आणि विचारले, "मग मूळ कुठी हाये याचं? सात्या नोहे हे. माह्या घरी त याले कोणी शिवणार नाही."

आम्ही पुस्तक पुढे केले. तिने चित्र लक्षपूर्वक पाहिले, छान आहे म्हणाली आणि टोपली उंबऱ्याबाहेर सरकविली. आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. पुस्तकानेच सांगितलेली एक परीक्षा आम्ही उतावळेपणाने वगळली होती. ती करून बाईस खोटे पाडावे, असा आमचा बेत. सर्वांत उमललेली छत्री दांडा काढून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि तिच्यावर वाटी झाकली.

सकाळी वाटी उचलली. 'पॅरासोल'चे बीजाणू पांढरे पडावयाचे. कागदावरचा ठसा मळकट हिरवा होता.

हिरवा ठसा देणारी ही छत्री म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण देशांत ती गवतात सर्रास उगवते, कोवळेपणी तिच्या खालचे पडदे पांढरेच असतात, आणि पोटात गेल्यावर काही तासांतच ओकाऱ्या व जुलाबांनी माणसास लोळविते. धडधाकट माणूस बहुधा त्यातून उठतो. लहान मुलाची गोष्ट निराळी. नात अंगणात ते इंग्रजी नाव घोकीत होती. आम्ही कागद हातात घेऊन बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो.

पुढल्या आठवड्यात आम्ही त्या बाईबरोबर रानात गेलो. तिने वाट अशी फिरवून नेली की ते वारूळ पुन्हा आम्हांस सापडू नये. तेथे तिच्या सात्या उभ्या होत्या. माथ्यावर टोक, बुडाशी पिशवी नाही, आणि दांडा मातीत शिरून खाली जातच राहिलेला. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या काटक्यापानांचे पोळे रचून त्यावर बुरशीची शेती करते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची जुनी आहे. पावसात ती बुरशी लांब मुळासारखा दांडा वर धाडते आणि सात्या उमलते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ साली तिच्या कुळास टर्मिटोमायसेस हे नाव दिले. तिचा ठसा गुलाबी पडतो. मूळ कोठवर जाते ते पाहण्यासाठी आम्ही उकरू लागताच बाईने हात धरला. "वारूळ नका फोडू जी. पुढल्या साली काय खासान?"

येथे पुस्तकी विद्येस नावे ठेवून लेखणी खाली ठेवणे सोपे होते. पण ते खरे नव्हे. चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, लसूण घालून शिजविली की विष उतरते, असल्या समजुती जनांतल्याच, आणि त्या साफ खोट्या आहेत. अमॅनिटा फॅलॉइडिस या छत्रीचे विष शिजवून जात नाही. ते सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ गप्प बसते, मग पोट बिघडविते, मध्ये बरे वाटल्याचा भास निर्माण करते आणि शेवटी यकृत निकामी करते. आशियातून कॅलिफोर्नियात वा ऑस्ट्रेलियात गेलेल्या जाणत्या माणसांनी तिला आपल्या गावची, भाताच्या पेंढ्यावर उगवणारी अळंबी समजून खाल्ले आणि प्राण गमावले. त्यांचा डोळा अडाणी नव्हता. आपल्या मुलखात तो अचूकच होता. आमचे पुस्तकही आपल्या मुलखात अचूकच होते. चूक झाली ती ओळख एका मातीतून उपटून दुसऱ्या मातीत लावताना. ज्ञानालाही वारूळ असते, आणि तेथवर त्याचे मूळ गेले आहे की नाही, हे चित्रावरून दिसत नाही.

बाईचे मुलगे खाणीत कामाला आहेत. सुना रानात जात नाहीत. तिच्यामागून त्या वारुळाची वाट कोणास ठाऊक असेल, असे आम्ही विचारले. ती नुसती हसली. तेव्हापासून पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर तिचे प्रश्न आम्ही लिहून ठेवीत आहो. वारूळ होते का, मूळ कोठे आहे, गेल्या साली येथेच निघाली होती का. त्यांशेजारी ठशांचे रंग.

असो. नात आता सात्या आवडीने खाते. आम्ही आणलेली टोपली मात्र बाईच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय सौ. चुलीजवळ येऊ देत नाहीत; आणि आम्हीही हरकत घेत नाही.