मेघ हलत नाही तोवर

गणना या पुस्तकाचा नववा अध्याय संदेशासाठी सहसा कोणी घेत नाही. पंधराव्या वचनापासून पुढे एकच गोष्ट फिरून फिरून सांगितली आहे. निवासमंडपावरचा मेघ वर गेला की इस्राएल लोकांनी निघायचे आणि तो थांबला की तळ द्यायचा. कधी एका रात्रीपुरता, कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याहूनही अधिक. मेघ का थांबला याचे कारण तिथे एकदाही दिलेले नाही. लोकांच्या हातून काही पाप घडले म्हणून थांबला, असेही म्हटलेले नाही.

प्रियजनहो, यंदाच्या लेंटमध्ये हा अध्याय मी पुष्कळदा वाचला, कारण माझ्या वजनकाट्यावरचा आकडा नऊ आठवडे 92 वर तळ देऊन बसला होता.

माझे वजन कमी करण्याचे ऑपरेशन गेल्या ऑगस्टमध्ये झाले, हे आपल्या मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. तुमच्या प्रार्थनांनीच मी त्यातून निभावले. त्याला ‘स्लीव्ह’ म्हणतात. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होते, म्हणून सुरुवातीचे काही महिने पोटाला भुकेची आठवणच राहत नाही. 121 किलोंवरून मी निघाले. आठवड्याला किलो-दीड किलो उतरत होते. नाताळच्या सुमारास महिला मंडळात साक्ष दिली, सगळ्यांनी देवाची स्तुती केली, आणि तेव्हापासून दर रविवारी उपासना सुटली की आवारात एकच प्रश्न, “किती झालं गं आता?”

जानेवारीच्या मध्यापासून उत्तर बदलेना.

असे थांबणे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. पहिला थांबा बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. सुरुवातीला शरीर साठवलेले ग्लायकोजेन वापरते, त्याच्यासोबत धरून ठेवलेले पाणीही जाते, म्हणून काटा धाडधाड खाली येतो. मग तो साठा थोडा परत भरतो, पाणीही परतते आणि काटा अडतो. त्या काळात चरबी जळतच असते, फक्त काट्याला ती दिसत नाही. पुढचा थांबा महिन्यांनी येतो, आणि त्याचे कारण वेगळे. 121 किलोंचे शरीर चालवायला जेवढे इंधन लागत होते तेवढे 92 किलोंच्या शरीराला लागत नाही. वर हे शरीर दुष्काळ पडल्यासारखे काटकसर करू लागते. साधारण वर्ष ते दीड वर्षात वजन आपल्या सर्वांत खालच्या पायरीवर येते, पण ती उतरण सरळ नसते. हे मला ऑपरेशनपूर्वीच समजावले होते. कागदावर समजणे निराळे आणि रोज सकाळी काट्यावर उभे राहून तोच आकडा पाहणे निराळे.

त्यात लेंट आला. राखेच्या बुधवारनंतर आपल्याकडे दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. मंडळीतल्या एका मावशींनी अगदी मायेने माझा हात धरून सांगितले, “ऑपरेशनवर भरवसा ठेवलास, आता प्रभूवर ठेव की गं. चाळीस दिवस उपवास धर, बघ कसं उतरतंय.” मायेने बोललेले होते म्हणूनच ते आत रुतून बसले. माझा विश्वास अपुरा पडला, असा त्याचा अर्थ मी रात्रभर लावत राहिले.

मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी वचन काढले नाही, एवढेच विचारले, “काटा खाली आला नाही तरी हा उपवास धरशील का?”

खरे उत्तर ‘नाही’ असे होते. मला प्रभूसाठी काही सोडायचे नव्हते, मला 91 पाहायचे होते. डाएटिंगला उपवास म्हणून वेदीजवळ न्यायचे, हे मला पटेना.

आहारतज्ज्ञ बाईंनी दुसरी बाजू दाखवली. माझ्या पोटात एका वेळी वाटीभर मावते. त्यातून दिवसाचे निदान साठ ग्रॅम प्रथिन पोटात जायलाच हवे. जेवणे गाळली तर शरीर स्नायू मोडून खाते, आणि स्नायू गेले की इंधनाची गरज आणखी घटते. थांबलेला काटा मग अधिकच हट्टाला पेटतो. बी-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या तर मला आयुष्यभर चुकणार नाहीत. बाईंनी माझी खाण्याची वही तपासली, साखरेचा चहा आणि प्रार्थनासभांतली बिस्किटे यांवर बोट ठेवले (मऊ आणि पातळ पदार्थ छोट्या पोटातूनही सहज सरकतात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही), जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही याची आठवण दिली आणि आठवड्यातून तीनदा वजने उचलायला सांगितली. मी घरी तांदळाच्या दोन पिशव्या उचलते. नातवंडांना त्याची फार मजा वाटते.

अरण्यात मेघ थांबलेला असतानाही मान्ना पडतच होता, हे त्या दिवसांत मला नव्याने जाणवले. मुक्काम आहे म्हणून कोणी उपाशी राहिले नाही.

तेव्हा शुक्रवारी मी प्रार्थनेला डबा घेऊन जाऊ लागले. उकडलेले अंडे, थोडे दही, मुगाचे घट्ट वरण. पहिल्या शुक्रवारी हॉलच्या मागच्या बाकावर बसून खाताना घास उतरेना. इतकी शांतता आणि त्यात माझ्या डब्याचे झाकण! दोन-तीन माना वळल्या. तिसऱ्या शुक्रवारी मात्र इन्सुलिन घेणारे एक काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी खिशातून भाकरीची पुरचुंडी काढली. गेल्या वर्षी प्रार्थनेत त्यांना घेरी आली होती आणि त्यांनी ती उकाड्यावर ढकलली होती, हे त्यांनी मला त्या बाकावर सांगितले. नंतर एक गरोदर सूनबाई आली. झावळ्यांच्या रविवारपूर्वीच्या शुक्रवारी आम्ही पाच जण होतो. मावशींनी स्वतः आम्हाला ताक आणून दिले. बिनमिठाचे होते, पण मी ते घोट घोट संपवले.

काटा हलला नव्हता तेव्हाही काही गोष्टी हलल्या होत्या. डायबेटीसच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली. प्रभुभोजनाला मी कित्येक वर्षे उभ्यानेच भाकर घेत होते. उत्तम शुक्रवारी कठड्याशी गुडघे टेकले आणि कोणाचाही हात न धरता उठले. दहाव्या आठवड्यात सहाशे ग्रॅम गेले. त्यानंतर पुन्हा मुक्काम आहे. आता मी आठवड्यातून एकदाच, शनिवारी वजन करते आणि वहीत लिहून वही मिटते.

तुमच्यापैकी ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे किंवा ठरले आहे त्यांनी जरूर भेटा, मी सेवेसाठी दर शुक्रवारी पाच वाजल्यापासून हॉलमध्येच असते. आणि पुढच्या रविवारच्या प्रीतिभोजनाच्या भगिनींना एक विनंती. बिर्याणीच्या पंगतीत पाच-सहा वाट्या वेगळ्या ठेवा, त्यांत आधी मटणाचे दोन तुकडे वाढा, भात चमचाभर. कुंदा बोटावर घेऊ तेवढाच.