कंसातले बंदर

सागरी सहलीच्या माहितीपुस्तिकेत प्रस्थानाचे ठिकाण म्हणून ठळक अक्षरांत ‘रोम’ असे छापलेले असते आणि त्यापुढे कंसात, बारीक अक्षरांत, ‘चिवितावेक्किया’. वाचणाऱ्याची नजर ठळक शब्दावरच थांबते. लंडनपुढे असेच कंसात साउदम्प्टन असते, फ्लॉरेन्सपुढे लिव्होर्नो आणि पॅरिसपुढे तर थेट इंग्लिश खाडीवरचे ल आव्र. शहराचे नाव गिऱ्हाइकासाठी असते. कंसातले नाव जहाजाच्या कप्तानासाठी. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरे भिंग लावून वाचणारा व्यापारीदेखील सहलीच्या कागदावर ती वाचत नाही, हे मोठे नवल आहे.

रोमपुरते बोलायचे तर गंमत अशी की, विमान जिथे उतरते त्या फ्युमिचिनो विमानतळाला लागूनच प्राचीन रोमचे बंदर होते. सम्राट क्लॉडियसने इ.स. 42 च्या सुमारास ते बांधायला घेतले. पुढे ट्रेजनने त्यात षट्कोनी गोदी खोदली. तिची प्रत्येक बाजू साडेतीनशे मीटरांहून अधिक लांब आहे आणि आजही ते षट्कोनी तळे विमानातून दिसते. आपल्याकडची मिरी ज्या साम्राज्यात जाई, त्याची ही सागरी वेस. (तिकडूनही माल इकडे येई; कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती त्याची साक्ष देते.) टायबर नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकत गेला आणि बंदर जमिनीत अडकले. चिवितावेक्कियाचे बंदरही ट्रेजननेच उभारले. ते मात्र आजतागायत चालू आहे. विमानतळापासून तिथवरचे अंतर 60-70 कि.मी.

प्रश्न या 60-70 कि.मी.चा आहे. व्यापारी मंडळींना ‘फ्री ऑन बोर्ड’ म्हणजे काय ते सांगायला नको. माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, चढल्यावर खरेदीदाराची. पूर्वी ही सीमारेषा जहाजाचा कठडा मानली जाई. 2010 च्या नियमांनी ती ‘जहाजावर माल ठेवला गेला’ या क्षणावर आणली. एवढ्या काटेकोर भाषेत मालाची काळजी घेणारा माणूस स्वतःच माल होऊन प्रवासाला निघतो, तेव्हा ‘मधल्या टप्प्यात जोखीम कोणाची?’ हा प्रश्न विचारीत नाही. तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर विमान कंपनीचे काम सामानाच्या पट्ट्यापाशी संपते आणि जहाज कंपनीचे नोंदणीच्या खिडकीपाशी सुरू होते. मधला रस्ता प्रवाशाच्या खाती.

इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या कुटुंबाने हा रस्ता अलीकडेच अनुभवला. अण्णा, वहिनी, मुलगा, सून आणि अण्णांच्या थोरल्या भगिनी आक्का, अशी पाच माणसे. आक्कांचे वय 74. गुडघे दुखरे, पण समुद्र पाहण्याची हौस दांडगी. आदल्या दिवशी पोहोचून एक रात्र मुक्काम करावा, असे सुनेने सुचविले होते. अण्णांनी तीन खोल्यांचे भाडे युरोतून रुपयांत आणले आणि सूचना फेटाळली. विमान पाऊण वाजता उतरणार, जहाज सहाला सुटणार; सव्वापाच तास हाताशी. हिशोब बिनचूक दिसत होता.

चूक जमेच्या बाजूला होती. जहाज सहाला सुटते याचा अर्थ साडेपाचला पोहोचले तरी चालते असा नाही. प्रवाशांची अंतिम यादी आधी तयार व्हावी लागते. म्हणून नोंदणी बहुधा तास-दीड तास आधीच बंद होते. यांच्या कागदावर साडेचार लिहिलेले होते. सव्वापाच तासांचे पावणेचार तिथेच झाले. विमान पन्नास मिनिटे उशिरा उतरले. पारपत्र तपासणीच्या रांगेत पाऊण तास गेला. मग पट्ट्यावर चार बॅगा आल्या. पाचवी, आक्कांची, आलीच नाही. तक्रार नोंदवून पावती हाती येईस्तो तीन वाजले.

अण्णांच्या मनात अजूनही रेल्वेच होती. समोर ‘लिओनार्दो एक्स्प्रेस’ची पाटी, 32 मिनिटांत रोमचे मुख्य स्थानक. एक्स्प्रेस या शब्दाला माणूस भुलतो. ती गाडी मध्ये कोठेही थांबत नाही आणि बंदराकडे जाणाऱ्याला उगाच शहराच्या पोटात नेते. तेथून चिवितावेक्कियाची गाडी धरली, तर ती पुन्हा त्रास्तेवेरे स्थानकावरून मागे येते. जाणकार विमानतळावरून ‘एफएल 1’ ही साधी लोकल घेऊन त्रास्तेवेरेलाच उतरतात आणि फलाट बदलून किनाऱ्याकडची गाडी धरतात. स्वस्त आणि चांगला मार्ग आहे, पण हाताशी वेळ असेल त्याच्यासाठी. सून हे सारे वाचून आली होती. तिने ते सांगितले आणि अण्णा तिकिटांचे दर पाहू लागले.

आक्का उरलेल्या बॅगांपैकी एकीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अण्णा, हिशोब घरी जाऊन कर. आत्ता गाडी कर.”

पाच माणसे आणि सामान एका साध्या टॅक्सीत मावत नाही. मोठी गाडी मिळेपर्यंत आणखी दहा मिनिटे गेली. भाडे मात्र मुलाने कागदावर लिहून घेतले, हे चांगले केले; रोमच्या टॅक्सींचे जे ठरावीक दर ऐकिवात असतात, ते जुन्या तटबंदीच्या आतल्या शहरापुरते आहेत. महामार्गावर कोणी बोलले नाही. चार वाजून वीस मिनिटांनी गाडी जहाजाच्या इमारतीसमोर थांबली. आत खिडकीवरचे कर्मचारी आवराआवर करीत होते. आक्कांना चाकांच्या खुर्चीत बसवून पुढे नेण्यात आले आणि बाकीचे तिच्यामागून धावले.

त्यांची नोंद झाली. न होती, तर जहाज थांबले नसते, कारण एकट्यादुकट्यासाठी थांबण्याची या धंद्यात रीत नाही. पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठावे लागते, तेही कंपनीने आधी परवानगी दिली तर. विमानाचे तिकीट जहाज कंपनीमार्फत काढले असेल, तर ती पुढची सोय पाहते. म्हणूनच ते थोडे महाग पडले तरी वयस्कर माणसे बरोबर असताना त्याचा विचार करावा.

आक्कांची बॅग तिसऱ्या दिवशी सिसिलीत मिळाली. रक्तदाबाच्या गोळ्या सुनेने आग्रहाने हातातल्या पिशवीत ठेवायला लावल्या होत्या, त्यामुळे निभावले. जन्मभर नऊवारीशिवाय काही न नेसलेल्या आक्कांनी तीन दिवस सुनेचे पंजाबी पोशाख घातले. त्यात जिना चढणे सोपे जाते, असे त्यांचे मत झाले.

परतीचा क्रम उलटा असतो. जहाज पहाटेच धक्क्याला लागते. तरी सामान आणि रांगा धरून दुपारपूर्वीचे विमान घेऊ नये. या कुटुंबाचे विमान रात्रीचे होते. बंदरातल्या मोफत बसने ती पाच जणे लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर आली, तेथून दुसऱ्या बसने स्थानकावर. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्राचा ठसा उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. अण्णांनी पाचही तिकिटांवर तो स्वतः उमटवला, प्रत्येक ठसा उजेडात धरून वाचला आणि त्रास्तेवेरेला उतरायचे आहे, असे सर्वांना दोनदा बजावले.