सुरी आणि दुर्बीण

कांहीं शब्द जन्मतःच प्रतिष्ठा घेऊन येतात. फारसीतून आमच्या भाषेंत आलेला ‘दुर्बीण’ हा शब्द त्यांपैकींच एक होय. दूरचें गलबत न्याहाळणारा खलाशी आणि दूरचा तारा शोधणारा ज्योतिषी यांच्या हातांत ती शोभे. आतां हीच दुर्बीण रोग्याच्या बेंबीपाशीं पाडलेल्या लहानशा छिद्रांतून पोटांत शिरते आणि वीतभर अंतरावरचें यकृत पडद्यावर मोठें करून दाखविते. ‘लॅपरॉस्कोपी’ हें तिचें वैद्यकी नांव डॉक्टरांच्या कागदावरच राहिलें. घरोघरीं रूढ झालें तें ‘दुर्बिणीचें ऑपरेशन’. उलटपक्षीं, जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेस आम्हां लोकांनीं ‘पोट फाडणें’ असें नांव ठेवून दिलें आहे. एका नांवांत विद्या दिसते, दुसऱ्यांत खाटिकखाना. मग दोहोंतून एक निवडण्याचा प्रसंग घरांत आला म्हणजे निम्मा निकाल शब्दांनींच देऊन टाकलेला असतो. पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या बाबतींत हा निकाल तपासून पाहण्याची पाळी आमच्यावर आली. त्या निमित्तानें जें वाचिलें व ऐकिलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

प्रथम दुर्बिणीचें जें श्रेय आहे, तें तिला दिलें पाहिजे. पित्ताशय कापून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ सालीं बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख यांनीं केली. पुढें शंभर वर्षें पित्ताच्या खड्यांचा रोगी म्हणजे उजव्या बरगडीखालीं वीतभर व्रण बाळगणारा माणूस, असें समीकरण होतें. १९८५ सालीं जर्मनींतील ब्योब्लिंगेन गांवीं एरिक म्यूहे यांनीं तेंच पित्ताशय दुर्बिणीच्या साह्यानें काढिलें. त्यांच्या देशबांधवांनीं प्रथम नाकें मुरडलीं. पण १९८७ मध्यें फ्रान्समधील लियाँ शहरीं फिलिप मूरे यांनीं तीच वाट धरली, आणि १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनीं ती भारतांत आणिली. आज खड्यांचा रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरीं जातो. आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत दुर्बिणीची कीर्ति पसरली ती या खड्यांमुळें. ‘पित्ताचें ऑपरेशन’ असा उच्चार झाला कीं शेजारच्या काकू आठवड्याच्या आंत पोळ्या लाटूं लागल्याची गोष्ट कोणीतरी सांगतोच.

परंतु पित्ताशय आणि पित्तनलिका यांत मोठें अंतर आहे. पित्ताशय ही यकृताखालीं लोंबणारी एक पिशवी. तिची मान बांधून ती कापली कीं काम संपलें, पुनः कांहीं जोडावें लागत नाहीं. पित्तनलिका हा यकृताचा पाट आहे. यकृत रोज सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतें. उजव्या व डाव्या भागांतून निघालेल्या दोन शाखा यकृताच्या द्वाराशीं एकत्र येतात, आणि ती नळी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून खालीं उतरून लहान आंतड्याच्या पहिल्या भागांत उघडते. जाडीनें ती शिसपेन्सिलीहून अधिक भरत नाहीं. तींत गांठ झाली कीं पाट तुंबतो व पित्त रक्तांत उतरतें. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिका पडतो, आणि अंगाला अशी खाज सुटते कीं रात्रीची झोंप उडते. तापाबरोबर येणारी नेहमीची कावीळ पुष्कळदां आपोआप ओसरते, म्हणून झाडपाल्याचें औषध देणाऱ्यांना गांवोगांवीं यश येतें. पण उतारवयांत, पोटांत न दुखतां चढत जाणारी व खाज सुटणारी कावीळ वेगळ्या घराण्याची असूं शकते. तेथें झाडपाल्यावर दिवस घालविणें परवडत नाहीं, हें प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या थोरल्या बंधूंस अशीच कावीळ झाली. वय अडुसष्ट, तालुक्याच्या गांवीं हेडमास्तरकी करून निवृत्त झालेले. तपासण्यांअंतीं पित्तनलिकेच्या खालच्या टोकाशीं कर्करोगाची गांठ निघाली. हीच गांठ वर, यकृताच्या द्वाराशीं असती, तर यकृताचा मोठा भाग कापावा लागता; त्या गांठीचें वर्णन १९६५ सालीं अमेरिकेंतील गेराल्ड क्लॅट्स्किन यांनीं १३ रोग्यांवरून केलें, व ती आजहि त्यांच्या नांवानें ओळखिली जाते. खालच्या टोकाच्या गांठीस लागणारी शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केली. तींत पित्तनलिकेचा खालचा भाग, पित्ताशय, स्वादुपिंडाचें डोकें आणि लहान आंतड्याचा पहिला भाग एवढें सारें एकत्र निघतें. कित्येकदां जठराचाहि तुकडा जातो. मग उरलेल्या आंतड्यास तीन जोड द्यावे लागतात: एक स्वादुपिंडाचा, एक पित्तनलिकेचा आणि एक जठराचा. तिहींत नाठाळ जोड स्वादुपिंडाचा. त्याचा रस अन्न पचविणारा. जोड गळला तर तो आजूबाजूच्या रक्तवाहिन्याच पचवूं लागतो. या शस्त्रक्रियेनंतर जे दगावतात, त्यांतील पुष्कळांचा घात या गळतीनेंच होतो.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्यानें एका रुग्णालयाची जाहिरात वडिलांच्या उशाशीं आणून ठेविली. “काका, इथं सगळं दुर्बिणीनं करतात. पांच-सहा भोकं पाडली कीं झालं. बाबांचं पोट फाडायचं कशाला?” वहिनींचेंहि मत तिकडेच झुकलें. “भाऊजी, यांना आधीच खोकला. एवढी मोठी जखम सोसेल का?” असें त्यांनीं विचारिलें, आणि हा प्रश्न मुळींच वेडगळ नव्हता. मोठ्या जखमेंत दुखणें अधिक. दुखतें म्हणून माणूस खोकत नाहीं. खोकला दाबला कीं कफ छातींत सांचतो. पुढें त्याच जागीं हर्निया होण्याचा संभवहि असतो. दुर्बिणीनें रक्त सामान्यतः कमी जातें. हे लाभ खरे आहेत. दादा मात्र कांहीं बोलेनात. शेवटीं ते आमच्याकडे पाहून एवढेंच म्हणाले, “तूं तर्कशास्त्र शिकवतोस ना? मग तूंच वाच आणि सांग.”

आम्ही वाचावयास बसलों. दोन पद्धतींची तुलना करणारे बहुतेक अहवाल जुन्या नोंदी चाळून लिहिलेले असतात, आणि त्यांत एक अडचण आहे. सडपातळ, धडधाकट, सोप्या गांठीचा रोगी दुर्बिणीकडे पाठविला जातो. कठीण रोगी सुरीकडे येतो. मग निकाल चांगला लागला तर त्याचें श्रेय दुर्बिणीचें कीं रोग्याचें? हा दोष टाळण्याचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें रोगी दोन्हीकडे वांटणें. व्हिपल यांच्या शस्त्रक्रियेसंबंधीं अशा चाचण्या झाल्या आहेत. त्यांत पित्तनलिकेबरोबर स्वादुपिंडाच्या व आसपासच्या गांठींचेहि रोगी होते, कारण सर्वांस शस्त्रक्रिया एकच लागते. त्यांतील तीन चाचण्या विचारांत घेण्यासारख्या आहेत.

पहिली आमच्याच देशांतील. कोइमतूर येथें डॉ. पलानिवेलु व त्यांचे सहकारी यांनीं ६४ रोगी निम्मेनिम वांटले. निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. दुर्बिणीचे रोगी मध्यमानानें ७ दिवसांत घरीं गेले, उघड्या शस्त्रक्रियेचे १३ दिवसांत; मृत्यु दोन्हीकडे एकेक. पुतण्यास हें सांगतांच त्याचा चेहरा खुलला. दुसरी चाचणी नेदरलँड्सची. तेथें चार रुग्णालयांतील शस्त्रवैद्यांनीं रीतसर शिक्षण घेऊन प्रत्येकीं किमान २० शस्त्रक्रिया दुर्बिणीनें केलेल्या होत्या. तरीहि ती चाचणी मध्येंच थांबवावी लागली, कारण उपद्रवांमुळें ९० दिवसांच्या आंत दुर्बिणीकडील ५० पैकीं ५ रोगी दगावले, आणि उघड्या शस्त्रक्रियेकडील ४९ पैकीं १. संख्या लहान असल्यामुळें हा योगायोगहि असूं शकेल, असें गणित सांगतें. पण योगायोगाची खातरजमा करण्यासाठीं आणखी माणसें पणास लावणें त्यांना उचित वाटलें नाहीं. २०१९ सालीं त्यांनीं आपलें हें अपयश जगापुढें मांडलें. तिसरी चाचणी चीनमधील १४ रुग्णालयांची, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेली. तींतील प्रत्येक शस्त्रवैद्यानें पूर्वीं किमान १०४ शस्त्रक्रिया दुर्बिणीनें केलेल्या होत्या. ५९४ रोग्यांच्या हिशेबांत मृत्यूचें प्रमाण दोन्हीकडे शेंकडा २ च्या आसपास राहिलें. रुग्णालयांतील मुक्काम दुर्बिणीनें १५ दिवस, सुरीनें १६.

वरवर पाहतां हे तीन निकाल एकमेकांशीं भांडतात. पण शांतपणें पाहिलें तर यंत्र तिहीं ठिकाणीं एकच आहे. बदलतो तो चालविणारा हात आणि त्या हाताचा सराव. दुसरी गोष्ट अशी कीं शंभरांवर शस्त्रक्रिया केलेल्या हातांनींहि चीनमध्यें पदरांत पाडून दिला तो एक दिवस. खड्यांच्या रोग्यास पोटावरची जखमच काय ती भरावयाची असते, म्हणून ती लहान होतांच त्याचा मुक्काम आटोपतो. आमच्या बंधूंसारख्या रोग्याला खाटेवर खिळवितात ते आंतले तीन जोड, आणि ते जोड बाहेरचें छिद्र लहान आहे कीं मोठें याची विचारपूस करीत नाहींत.

कर्करोगांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रोग नळीच्या भिंतींतून डोळ्यांना दिसतो त्याच्या पलीकडे सरकलेला असूं शकतो. म्हणून कापलेली कड लागलीच सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात, आणि उघड्या पोटांत शस्त्रवैद्याचें बोटहि कठीणपणा चांचपूं शकतें. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एका मोठ्या चाचणींत, २०१८ सालीं, लहान छिद्रांच्या पद्धतीनें साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया शेंकडा ८६ भरल्या व उघड्या पद्धतीनें शेंकडा ९६.५. तो निकाल पित्तनलिकेस जसाच्या तसा लावतां येत नाहीं. परंतु लहान जखम आणि चांगला निकाल हीं जोडीनेंच येतात, हा समज सोडून देण्यास तो पुरेसा आहे.

मग आम्हांस ही लहान जखम एवढी हवीहवीशी कां वाटते? याचें उत्तर आम्हांस वहिनींच्या बोलण्यांत सांपडलें. नातेवाइकांचे फोन येत, तेव्हां त्या प्रत्येकास सांगत, “दुर्बिणीनंच करायचं आहे, काळजी नको.” रोगाचें नांव त्यांच्या तोंडून एकदांहि निघालें नाहीं. छिद्र लहान म्हणजे दुखणेंहि लहान, असा धीर त्या जगास देत होत्या व स्वतःसहि. या धीराला हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. पण ज्या निर्णयावर माणूस उभा राहावयाचा, तो या धीरावर सोपवितां येत नाहीं.

शेवटीं आम्ही मुंबईस एका मोठ्या रुग्णालयांत शस्त्रवैद्यांस भेटलों. वर्षांत या शस्त्रक्रिया किती होतात, त्यांत दुर्बिणीनें किती, आणि जोड गळला तर मध्यरात्रीं पाहावयास कोण असतें, एवढेंच आम्हीं विचारिलें. ते म्हणाले, “दर आठवड्याला दोन-तीन होतात. बहुतेक उघड्या. दुर्बिणीनं आम्ही अलीकडे सुरू केलं आहे, पण निवडक रोग्यांवर. यांची गांठ मोठ्या शिरेच्या जवळ आहे. ती मला हातानं पाहूं द्या.” या सरळ उत्तरानें आमचें निम्में ओझें उतरलें. कारण वाचनांत आम्हांस सर्वांत बोलका वाटला होता तो अमेरिकेंतील वृद्ध रोग्यांवरून २००२ सालीं काढलेला हिशेब: स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयांत अगदीं क्वचित् होत, तेथें मृत्यु शेंकडा १६.३, जेथें त्या सर्वांत अधिक होत, तेथें शेंकडा ३.८. दोन पद्धतींतल्या अंतराचा आम्ही एवढा ऊहापोह करितों, आणि दोन रुग्णालयांतल्या या प्रचंड अंतराविषयीं चकार शब्द काढीत नाहीं!

आम्हीं सारें दादांस सांगितलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, “मग पोट फाडूं दे.” शस्त्रक्रियेस सात तास लागले. जोड थोडा गळला, नळीवाटे रस वाहात राहिला व आपोआप थांबला. अठराव्या दिवशीं ते घरीं आले. आतां औषधाच्या गोळ्या चालूं आहेत आणि दर तीन महिन्यांनीं तपासणी असते. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही विद्यार्थ्यांस पहिल्या आठवड्यांतच शिकवितों; तेव्हां दादांच्या प्रकृतीवरून सुरीचा विजय पुकारण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. मुरलेल्या हातांत दुर्बीण सुरक्षित असते हें चीनमध्यें दिसलें आहे, कोइमतुरांत तर ती लाभदायकहि ठरली आहे, आणि उद्यां आमच्याकडेहि असे हात वाढतील.

तोंवर ज्या घरावर हा प्रसंग येईल, त्या घरच्यांनीं छिद्रें किती हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावा. आधीं विचारावें तें असें: अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या, त्यांतले किती रोगी सुखरूप घरीं गेले, गांठ कडेपर्यंत निघण्याची शक्यता किती, आणि दुर्बिणीनें आरंभ करून अडचण आली तर पोट उघडण्यास आपण मागेंपुढें पाहणार नाहीं ना? जो शस्त्रवैद्य हे प्रश्न ऐकून रागावत नाहीं व आंकडे सांगतो, त्याच्या हातांत सुरी असो वा दुर्बीण, आपलें माणूस त्याच्या स्वाधीन करावें.