न दिसणारा जोड

के. आर. पुरमचा हँगिंग ब्रिज रोज असंख्य माणसे ओलांडतात. नाव झुलत्या पुलाचे असले तरी तो उंच खांबांना तिरप्या बांधलेल्या केबलींनी तोललेला आहे. त्या केबली कुठे आणि कशा जखडल्या आहेत, हे मान वर करून पाहणारा विरळाच. माणूस न पाहता विश्वास ठेवतो आणि पुढे जातो. त्या विश्वासाचे ओझे, ज्याने जोड केला त्याच्यावर राहते.

या पुलापासून काही किलोमीटरवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जुना कारखाना आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली तो सुरू केला. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘एचटी-२’ हे दोन आसनी, संपूर्ण धातूचे प्रशिक्षण विमान येथेच ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. कारखान्यात रिव्हेट बसवणारा एक असतो, तपासणारा दुसरा आणि उडवणारा तिसरा. घरी विमान बांधणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही तिन्ही माणसे बहुधा एकाच देहात असतात. अडचण नेमकी तेथे सुरू होते.

हे वेड आपल्याला परके नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये नोंदणी, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण, असा तो प्रवास झाला. बातम्यांत गच्ची आली, परवाना आला. रिव्हेट बातमीत येत नाहीत. परंतु धातूच्या विमानाचे बांधकाम म्हणजे मुख्यतः हजारो रिव्हेटांचे काम, आणि त्यातील प्रत्येक रिव्हेट हा एक स्वतंत्र निर्णय असतो.

अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कुठल्याही दुकानात पॉप रिव्हेटांची पिशवी सहज मिळते. विमानाचे रिव्हेट दिसायला त्यांच्याहून फार वेगळे नसतात, आणि मोह तेथेच होतो. विमानासाठी नेहमी वापरला जाणारा मिश्रधातूचा रिव्हेट त्याच्या डोक्यावरील बारीक खळीने ओळखता येतो. शुद्ध अॅल्युमिनियमच्या रिव्हेटाचे डोके सपाट असते आणि त्याची ताकद कितीतरी कमी. दोन्ही एकाच डबीत मिसळले, तर पुढचा सगळा भरवसा त्या टाचणीच्या टोकाएवढ्या खळीवर येऊन ठेपतो.

मापाचा हिशेब सोपा आहे. रिव्हेटाचा व्यास जाड पत्र्याच्या सुमारे तिप्पट असावा. १ मिलिमीटरच्या दोन पत्र्यांना ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट चालतो. त्याची लांबी पत्र्यांच्या एकूण जाडीपेक्षा व्यासाच्या दीडपट अधिक, म्हणजे सुमारे ६.८ मिलिमीटर. ठोकल्यावर मागे जी टोपी तयार होते, ती व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच हवी. भोकाचे केंद्र पत्र्याच्या कडेपासून निदान दोन व्यास आत हवे; नाहीतर कड फाटू शकते. आणखी एक गोष्ट अनुभवानेच कळते. किंचित वाकडा बसलेला रिव्हेट काढण्याच्या हट्टात भोक मोठे होते आणि मूळ दोषाहून मोठा दोष उरतो. केव्हा दुरुस्त करायचे आणि केव्हा हात आवरायचा, हेही माप लावूनच ठरवावे लागते.

हा काटेकोरपणा कुणाला अतिरेक वाटेल. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे बोइंग ७४७ कोसळून ५२० माणसे गेली. १९७८ मध्ये त्या विमानाचे शेपूट धावपट्टीला घासले होते आणि मागील दाबरोधक भिंतीची दुरुस्ती झाली होती. जोडपट्टी अखंड बसवण्याऐवजी दोन तुकड्यांत बसवली गेली, त्यामुळे काही भागात रिव्हेटांच्या दोन रांगांचा भार एकाच रांगेवर पडला. बाहेरून जोड ठीक दिसत होता. सात वर्षे ते विमान उडत राहिले, आणि प्रत्येक उड्डाणागणिक धातूतील भेग वाढत राहिली.

रिव्हेट भार वाहतो. नियंत्रणाचे भाग वैमानिकाची इच्छा पंखापर्यंत नेतात. स्टिक, पुशरॉड, मधला कोनी तरफदांडा, मग एलेरॉन अशी ती साखळी असते. येथे निवड वेगळ्या प्रकारची. ज्या बोल्टभोवती भाग सतत फिरतो, तेथे नायलॉनची नट पुरत नाही. खाचांची नट आणि तीतून ओवलेली कॉटर पिन लागते. शक्य तेथे बोल्टचे डोके वर ठेवतात, म्हणजे नट गळून पडली तरी बोल्ट आपल्या वजनाने जागेवर राहील. पुशरॉडच्या टोकाच्या बेअरिंगला रुंद वायसर लावतात, कारण आतला गोळा निसटला तरी दांडा सुटून जाऊ नये. हे सारे उपाय बिघाड होईलच असे गृहीत धरून योजलेले आहेत.

भाग कुठे बसवावा, हाही निर्णयच असतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे घरगुती बांधणीचे ‘लाँग-ईझेड’ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडले. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्याप्रमाणे समोर न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथवर हात पोहोचवण्यासाठी वळताना पाय रडरवर दाबला गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. डेन्व्हर यांनी ते विमान नुकतेच विकत घेतले होते. ज्याने कळ बसवली तो आणि ज्याला ती ऐन वेळी शोधावी लागली तो, ही दोन वेगळी माणसे होती. याच ‘लाँग-ईझेड’च्या आराखड्यावर आधारलेले संशोधन विमान बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८७ साली उडवले होते. आराखडा निर्दोष असला तरी आयुष्य ठरते ते बांधणाऱ्याच्या हातून.

म्हणून शहाणा बांधणारा पहिल्या उड्डाणाआधी एखाद्या अशा जाणकाराला बोलावतो, ज्याने त्या विमानाला एकही रिव्हेट मारलेला नाही. तो प्रत्येक कॉटर पिन स्वतः बोटाने चाचपतो. मग बांधणारा आत बसून स्टिक डावीकडे झुकवतो आणि बाहेर उभा असलेला माणूस मोठ्याने सांगतो: डावे एलेरॉन वर, उजवे खाली. आतल्याला ते आधीपासून ठाऊक असते. तरीही तो बाहेरच्या आवाजाची वाट पाहतो.