दुसऱ्या टोकाच्या एकवीस धावा

खेळाडूची कारकीर्द म्हणजे मानवी आयुष्याची लहानशी प्रतिकृतीच होय. पंचविशीत बहर, पस्तिशीत उतार आणि चाळिशीच्या आत निरोप. जो हिशेब तुम्हीआम्ही म्हातारपणी मांडतो, तो त्याला ऐन उमेदीत मांडावा लागतो. त्या हिशेबात जमेच्या बाजूला तो स्वतःचा पराक्रम लिहितो की इतरांचे उपकार, यावरून त्याची वृत्ती कळते. आपल्या कृष्णाकाठचे दोन खेळाडू या संदर्भात मला वारंवार आठवतात: सांगलीचे विजय हजारे आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. आठ भावंडांच्या त्या घरात पैशापेक्षा शिस्तच अधिक असणार. जत संस्थानच्या अधिपतींनी हजाऱ्यांना आश्रय दिला आणि क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची हजाऱ्यांची पद्धत पुस्तकी नव्हती. ग्रिमेटने गोलंदाजीचे धडे दिले, पण फलंदाजीची ही पद्धत बदलू नकोस, असेच सांगितले. शिष्याला आपल्या साच्यात न ओतणारा गुरू लाभणे, हेही एक देणेच.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे स्वतंत्र संघ असत. यांत ज्यांना जागा नव्हती अशा ख्रिस्ती, ज्यू आदी खेळाडूंचा पाचवा संघ होता. त्याचे नावच 'द रेस्ट', म्हणजे उरलेले! धर्मावर बेतलेली ही स्पर्धा गांधीजींना मान्य नव्हती. १९४६ नंतर ती बंद झाली, हे योग्यच झाले. परंतु १९४३ सालच्या तिच्या अंतिम सामन्यात जे घडले, ते विसरण्याजोगे नाही. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'उरलेले' १३३ धावांत गारद झाले आणि त्यांच्यावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सामना एका डावाने गमावला गेला. पण लोकांच्या आठवणीत तो पराभव राहिला नाही, ती खेळी राहिली.

वाचकहो, या आकड्यांत आणखी एक आकडा दडलेला आहे. त्या डावात हजाऱ्यांची एक भागी ३०० धावांची झाली. तिच्यातील जोडीदार त्यांचे सख्खे बंधू विवेक होते आणि त्यांचा वाटा होता अवघ्या २१ धावांचा. धावफलकावर २१ ही काही मिरवण्याची संख्या नव्हे. परंतु दुसऱ्या टोकाला बंधू पाय रोवून उभा राहिला नसता, तर ते ३०९ कोठून झाले असते?

पुढेही हेच दिसते. १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेड येथे हजाऱ्यांनी ११६ आणि १४५ धावा काढल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारे ते पहिले भारतीय. पहिल्या डावात दुसऱ्या टोकाला कोल्हापूरचे दत्तू फडकर होते. त्यांनी १२३ धावा केल्या. दुसऱ्या डावात सहा फलंदाज शून्यावर बाद झाले, तेव्हा हेमू अधिकारी ५१ धावा करीत ठामपणे उभे राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्या वेळी कर्णधार हजारे होते. पण इंग्लंडचे बारा गडी बाद केले होते विनू मांकड यांनी.

खाशाबांच्या बाबतीत हे दुसरे टोक आखाड्याबाहेर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, जयजयकार झाला. त्यानंतर खाशाबा कोल्हापुरात कुस्त्या लढले आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी गुरूचे घर सोडवले. कृतज्ञता म्हणजे डोळ्यांत येणारे पाणी एवढेच नव्हे. गहाण पडलेले घर सोडवणे, ही कृतज्ञता होय. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच मागे वळला, ही शुभवर्तमानातील गोष्ट आपण सारे जाणतो. मागे वळण्यासाठी पावले उचलावी लागतात.

घरभेटीस गेलो की आपल्या तरुणांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: "फादर, आपण मूठभर माणसं, आपल्याला कोण विचारतो?" त्यांची व्यथा खोटी नाही. नोकऱ्या दुर्मिळ आहेत, ओळखीपाळखी थोड्या आहेत. तरीही मला सांगावेसे वाटते, की 'उरलेल्यां'च्या संघातून खेळलेल्या त्या सांगलीकराच्या नावाच्या करंडकासाठी आज देशातील सर्व राज्यांचे संघ झुंजतात. आपण किती आहोत, हे आपल्या हाती नसते. आलेला चेंडू कसा खेळावा, हे मात्र असते.

आणि ज्यांच्या वाट्याला ३०९ येणार नाहीत त्यांचे काय? आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला २१ च येतात. धाकट्याच्या शिक्षणासाठी स्वतःचे शिक्षण सोडणारी थोरली बहीण, मुलाच्या फीसाठी दागिना मोडणारी आई, कमकुवत मुलांना शाळा सुटल्यावर शिकवणारे गुरुजी, या साऱ्यांच्या धावा फलकावर लागत नाहीत. ज्यांना यश लाभले त्यांनी या माणसांची नावे घ्यावीत, तीही ती माणसे ऐकू शकतील तोवर. ज्यांना ते लाभले नाही त्यांनी आपले टोक सोडू नये. शेवटचा हिशेब जो तपासणार आहे, तो केवळ धावफलक वाचत नाही.