कोरड्या तळ्याकाठी

मुलांनो, तळं म्हटलं की पाणी आलंच, नाही का? पण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात एक तळं आहे, तिथे बहुतेक दिवस पाण्याचा थेंबही नसतो. त्याचं नाव रॉजर्स. हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो, वारा ते पाणी इकडून तिकडे फिरवतो आणि चिखल वाळला की जमीन सारवलेल्या अंगणासारखी सपाट होते. विमानांना आयतीच धावपट्टी! काठावर एडवर्ड्स हा हवाई तळ आहे.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर इथेच ध्वनीपेक्षा जास्त वेगानं उडाले. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी पीट नाईट यांनी ‘एक्स-१५’ हे रॉकेट-विमान ताशी ७,२७४ किलोमीटर वेगानं नेलं. म्हणजे सेकंदाला दोन किलोमीटर! पुढच्याच महिन्यात मायकेल अ‍ॅडम्स यांचं एक्स-१५ आकाशातच मोडलं. ते परत आले नाहीत.

आता ‘हर्मियस’ या कंपनीनं ध्वनीच्या पाचपट वेगाच्या विमानाचा ध्यास घेतलाय. ती २०१८ साली निघाली. तिचं ‘क्वार्टरहॉर्स’ मे २०२५ मध्ये एडवर्ड्सवरूनच उडालं. वेग किती? ध्वनीपेक्षाही कमी! आधी नीट उडायचं आणि नीट उतरायचं, एवढाच त्या दिवसाचा धडा होता. आणि आत वैमानिक नव्हता. तो जमिनीवर बसून विमान चालवत होता. समजा, विमान मोडलं असतं, तरी तो संध्याकाळी घरी गेला असता.

अ‍ॅडम्स यांच्या घरच्यांना हे किती पटलं असतं, नाही?